जामीनदार कुठून आणायचा? सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व संचालक,
महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था

विषय : कर्जमंजुरीतील जामीनदाराची अट आणि तिच्यामुळे जातीच्या कुंपणात अडकून पडणारे भांडवल

महोदय, महोदया,

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय असून त्यातली बरीचशी वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या पतसंस्था आणि नागरी बँकांची दप्तरे तपासण्यात गेली आहेत. आपल्या संस्थांच्या कर्ज अर्जावर सहसा जातीचा रकाना नसतो, आणि ‘आम्ही कर्ज देताना जात विचारत नाही’ असे अध्यक्ष वार्षिक सभेत अभिमानाने सांगतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. अर्जावर जामीनदारांचा रकाना मात्र असतो, आणि आपल्या समाजाची जी बांधणी आहे तिच्यात हा रकाना जातीच्या रकान्याचे काम बिनबोभाट करतो, असे माझे मत या दप्तरांनी बनवले आहे. ते आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र आहे.

दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. संस्था एकच, कर्ज समितीची बैठक एकच, मागणी दोघांचीही तीन लाखांच्या आसपास.

पहिला अर्जदार कोल्हापुरी चपला करणारा चर्मकार कारागीर. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे तो व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतो आणि तयार माल त्याच व्यापाऱ्याला, व्यापारी म्हणेल त्या भावाने घालतो. हाती खेळते भांडवल आले तर कातडे रोखीने घेता येईल आणि चपला प्रदर्शनात किंवा परगावच्या दुकानदारांना थेट विकता येतील, असे त्याचे साधे गणित होते. अर्जाला जोडलेला हिशोबाचा कागद मी पुन्हा मांडून पाहिला. जोडीमागे जे चार पैसे सुटायला हवे होते ते उधारीच्या वाढीव भावात जात होते, ही त्याची तक्रार आकड्यांत चोख उतरत होती. घरठाणाचा उतारा होता, पासबुकात वर्षभराची उलाढाल होती, एका शहरातल्या दुकानदाराने दिलेली मागणीपत्रेही होती. जामीनदार म्हणून त्याने मेहुण्याचे नाव दिले होते, जो सरकारी कार्यालयात कंत्राटी पदावर होता, आणि चुलतभावाचे, ज्याचे दुकान भाड्याच्या गाळ्यात होते. अर्जावर शेरा पडला : ‘जामीनदार समाधानकारक नाहीत. संचालक शिफारस नाही.’

दुसरा अर्ज कुक्कुटपालनाच्या शेडसाठी होता. अर्जदाराला त्या धंद्याचा अनुभव नव्हता आणि प्रकल्प अहवाल कुठल्यातरी तयार नमुन्यावर नाव बदलून केलेला होता. जामीनदार मात्र एक चुलता आणि एक पाहुणा, दोघांच्याही सातबाऱ्यावर बागायत ऊस, दोघेही साखर कारखान्याचे भागधारक, आणि पाहुणा एका संचालकाच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. कर्ज मंजूर झाले. लेखापरीक्षक म्हणून मला दोन्ही निर्णय उपविधीत बसणारेच दिसले, कारण जामीनदार सभासद असावा, त्याच्याकडे स्थावर मालमत्ता किंवा कायम पगार असावा, ही अट आपल्या बहुतेक संस्थांच्या नियमांत असते. धंदा कुणाचा चालण्याजोगा होता, हा प्रश्न मात्र त्या बैठकीत कुणाला पडल्याचे कार्यवृत्तावरून दिसले नाही.

आता हे जामीनदार येतात कुठून ते पाहा. कुणी कुणाला जामीन राहतो तो नात्यागोत्याच्या भरवशावर. चुलता, मामा, साडू, मेहुणा, पाहुणा, फार तर भावकीतला कुणी. देशभर केलेल्या मानव विकास सर्वेक्षणात २०११-१२ साली आंतरजातीय विवाहांचे प्रमाण जेमतेम ५ टक्के निघाले होते. याचा अर्थ असा की शंभरातल्या पंचाण्णव घरांची सोयरीक जातीत होते, आणि जिथे सोयरीक तिथेच जामीन. ज्या जातीकडे पिढ्यानपिढ्या जमीन, दुकान किंवा पगार आहे, तिच्यातल्या गरीब माणसालाही एखादा तरी सातबारावाला मामा सापडतो. ज्या जातीकडे यातले काहीच नव्हते, तिच्यातला हुशार, कष्टाळू आणि व्यवहाराला चोख माणूस अख्खी भावकी पालथी घालतो आणि त्याला आपल्यासारखेच बिनजमिनीचे लोक भेटतात. मराठा किंवा ब्राह्मण समाजातल्या निर्धन तरुणाला ही अट जाचत नाही असे मी म्हणत नाही. जाचतेच. पण त्याची ती वैयक्तिक अडचण असते, आणि चर्मकार, मातंग, वडार किंवा कैकाडी तरुणाची अडचण त्याच्या सगळ्या गणगोताची असते.

ही विषमता आकाशातून पडलेली नाही. गावगाड्यात बलुतेदाराच्या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या पेंढीत मिळे. चांभाराने मोट शिवली, लोहाराने फाळ लावला, महाराने गावकी केली, तरी त्याचा हिशोब रोखीत होत नसे. धान्य पोटापुरते येई आणि पुढच्या सुगीपर्यंत संपे. कसब वाढले म्हणून बलुते वाढत नसे. साठवायचे काय, आणि साठवलेच तर गुंतवायचे कशात, हा प्रश्नच त्या व्यवस्थेत उद्भवत नव्हता. महारांना वतनाची जमीन होती खरी, पण तिच्या मोबदल्यात रात्रंदिवस सरकारी आणि गावकीची कामे ओढावी लागत, आणि १८७४ च्या वतन कायद्याने ही बांधिलकी कागदावर पक्की केली. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ साली महार वतने मोडून जमिनी रयताव्याने, म्हणजे चाकरीऐवजी सारा भरायच्या बोलीवर दिल्या. मुंबई इलाख्यात डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली कायदे मंडळात दुरुस्ती विधेयक आणले, ते तडीला गेले नाही. अखेर १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने खालसा झाली आणि जमिनी मूळ धारकांना परत मिळाल्या, पण नवीन आणि अविभाज्य शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून आणि भरमसाट नजराण्यावाचून ती जमीन विकता येत नाही. ही शर्त जमीन धनदांडग्यांनी बळकावू नये म्हणून होती, आणि ती काढून टाका असे मी सुचवत नाही. पण तिचा एक परिणाम आपल्या टेबलावर रोज दिसतो. लिलावात सहज निघणार नाही अशा जमिनीला तारण म्हणून आपला कर्ज अधिकारी किंमत देत नाही, आणि वतनाचा सातबारा घेऊन आलेला जामीनदारही त्याच्या लेखी जवळजवळ भूमिहीनच ठरतो. त्यात मुळात जमीनच कमी. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा १६.६ टक्के होता, तर २०१५-१६ च्या कृषी गणनेत त्यांच्या वहिवाटीतले क्षेत्र एकूण क्षेत्राच्या सुमारे ९ टक्के होते.

जातीच्या आधारावर उभी राहिलेली पत वाईटच असते, असेही माझे म्हणणे नाही. उलट महाराष्ट्रात आणि मुंबईत ज्या समाजांनी एका-दोन पिढ्यांत आर्थिक स्थिती पालटली, त्यांनी ती अशाच एकमेकांना धरून राहण्याने पालटली. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा सहकाराचा कायदाही झाला नव्हता; तो झाला १९०४ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०६ साली, मुंबईतल्या चित्रापूर सारस्वतांनी शामराव विठ्ठल पतपेढी स्थापन केली. १९१५ साली त्याच समाजाने गावदेवीला सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली, आणि १९१८ मध्ये सारस्वत बँकेचा पाया घातला गेला. कारवार आणि मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या कारकुनांचा समाज या संस्थांच्या जोरावर घरमालक झाला, दुकानदार झाला, पुढे उद्योजक झाला. हे त्यांनी कुणाचे हिरावून केलेले नाही, आणि त्यांचे कौतुकच करायला हवे. मात्र त्या पतपेढीच्या पायाशी काय होते हे विसरता कामा नये. दरमहा येणारा पगार आणि अक्षरओळख या दोन गोष्टी त्या समाजाकडे आधीपासून होत्या.

हेच साखर कारखान्यांचे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला प्रवरा कारखाना उभा केला आणि शेतकऱ्याच्या मुलाला कारखान्याचा, बँकेचा, शिक्षणसंस्थेचा संचालक होण्याची वाट मोकळी झाली. सावकारांविरुद्ध १८७५ साली सुप्यात पेटलेल्या कुणब्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी स्वतःच्या बँका काढल्या, ही आपल्या राज्याच्या इतिहासातली अत्यंत समाधानाची घटना आहे. पण ऊस उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो आणि ऊस लावायला पाण्याखालची जमीन. ऊस तोडायला येणाऱ्या वंजारी, बंजारा आणि दलित मजुरांना त्याच कारखान्याच्या कारभारात स्थान नव्हते; त्यांच्या वाट्याला मुकादमाची उचल आली, जी फेडण्यात त्यांचा पुढचा हंगाम गहाण पडतो. पतपुरवठ्याचा हा दुसरा, काळा चेहरा आहे. बँकेची पत माणसाला वर नेते, मुकादमाची उचल त्याला होता तिथेच डांबून ठेवते, आणि दोन्ही व्यवहार एकाच फडात शेजारी शेजारी चालतात.

नुसत्या शिक्षणाने हे कुंपण ओलांडता येते, असे अनेकांना वाटते. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातून शिकून १९१७ साली बडोद्याला गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना आणि पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावे लागले, हे आपण शाळेत वाचतो. त्यानंतरची हकीकत कमी सांगितली जाते. मुंबईला परतल्यावर त्यांनी गुंतवणूकदारांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, आणि सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. अर्थशास्त्रात त्या काळी त्यांच्या तोडीचे शिक्षण असलेली माणसे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. ज्ञान होते, बाजार होता, फक्त बाजाराचा विश्वास जातीपाशी येऊन थांबला.

याच्या उलट उदाहरण कोल्हापुरातले, आणि ते सहकारातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे. राजवाड्याच्या चाकरीतल्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला पैसे दिले. त्यांनी चहाचे हॉटेल काढले. महाराष्ट्रातली आजची कुठलीही महामंडळाची योजना इथपर्यंत येऊन थांबते : भांडवल दिले, फोटो काढला, विषय संपला. महाराजांना कळत होते की अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातले कुणी येणार नाही. म्हणून त्यांनी आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवायला सुरुवात केली, स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावला. महाराज त्या हॉटेलाचे पहिले भांडवलदार होते हे खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते त्याचे जामीनदार झाले. जातीबाहेरचा जामीनदार मिळाला आणि धंदा चालला.

राजा प्रत्येकाच्या दुकानापुढे गाडी थांबवू शकत नाही. पण जातीबाहेरचा जामीनदार कसा तयार होतो याचा नमुना आपल्याच क्षेत्रात आहे, आणि त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही याचे मला नवल वाटते. जिल्हा परिषद, एसटी, शिक्षक, पोलीस, महसूल अशा खात्यांतल्या पगारदार सेवकांच्या पतसंस्था पाहा. तिथे मातंग शिपायाला मराठा कारकून जामीन असतो, ब्राह्मण शिक्षकाला बौद्ध केंद्रप्रमुख जामीन असतो, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. ही माणसे एकमेकांच्या घरी सोयरीक करत नाहीत, काही जण तर एकमेकांच्या घरी जेवतही नसतील. तरीही ती एकमेकांच्या कर्जावर सह्या करतात, कारण सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे हप्ता थेट पगारातून कापला जातो. वसुलीची खात्री व्यवस्थेने घेतली की माणसाच्या जातीची चौकशी करण्याची गरजच उरत नाही. नोकरीतल्या आरक्षणाने दलित आणि भटक्या समाजात जो मध्यमवर्ग तयार झाला, त्याची पक्की घरे, मुलांची इंजिनियरिंगची फी आणि मुलींची लग्ने या पगारदार संस्थांच्या कर्जांवर उभी आहेत. मी तपासलेल्या अशा संस्थांच्या खतावण्यांत आडनावे जितकी मिसळलेली दिसतात तितकी दुसरीकडे क्वचितच दिसतात. आता कायम नोकऱ्याच आटत चालल्या आहेत, खात्याखात्यांत कंत्राटी भरती होते आहे, आणि कंत्राटी मेहुणा जामीन म्हणून चालत नाही. म्हणजे शिडीची ही एकमेव पायरीही निखळते आहे.

यावर आपले उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मी अनेक बैठकांत ऐकले आहे. ठेवीदारांचा पैसा आहे, थकबाकी वाढली तर रिझर्व्ह बँक आणि निबंधक आम्हाला धरतील. काळजी रास्त आहे. परंतु आपल्या क्षेत्राला ज्यांनी बुडवले ते कोण होते हेही आठवून पाहावे. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर २००३ साली रिझर्व्ह बँकेला बंदी घालावी लागली, ती चपला शिवणाऱ्यांच्या थकबाकीमुळे नव्हे. २०१९ साली मुंबईत एका मोठ्या बहुराज्यीय सहकारी बँकेचे सुमारे ७० टक्के कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघड झाले आणि हजारो ठेवीदार रस्त्यावर आले. ओळखीचा जामीनदार म्हणजे सुरक्षित कर्ज, हा समज आपल्याच क्षेत्राच्या इतिहासाने खोटा ठरवला आहे.

सरकारी योजना आहेतच, असेही आपण म्हणता. अनुसूचित जातींसाठीचे महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीचे अण्णासाहेब पाटील महामंडळ १९९८ पासून. पहिल्याच्या बीज भांडवल योजनेत कर्जाचा मोठा भाग बँकेचा असतो, दुसऱ्याच्या व्याज परताव्यात तर सगळे कर्ज बँकेने द्यायचे असते आणि महामंडळ फक्त व्याज भरते. दोन्हीकडे दार उघडणारी व्यक्ती आपणच. केंद्राच्या स्टँड-अप इंडिया योजनेने २०१६ ते मार्च २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेच्या सूचीतल्या व्यापारी बँकांच्या प्रत्येक शाखेला १० लाख ते १ कोटीचे किमान एक कर्ज अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला द्यायला सांगितले, पण ते नागरी सहकारी बँकांना लागू नव्हते. नागरी बँकांना दुर्बल घटकांसाठी कर्जाचे जे प्रमाण ठरवून दिले आहे त्यात लहान शेतकरी, महिला आणि इतर अनेक गट येतात, त्यामुळे एकाही दलित उद्योजकाला उभे न करता तो आकडा भरता येतो. आणि संचालक मंडळातली, सहकार कायद्याच्या कलम ७३-ब ची अनुसूचित जाती-जमातींसाठीची राखीव जागा? तिच्यावर निवडून येणारा संचालक सगळ्या सभासदांच्या मतांवर आणि बहुधा आपल्याच पॅनेलमधून येतो. त्याने कर्ज समितीत किती वेळा वेगळे मत नोंदवले, हे आपल्या कार्यवृत्तांतच पाहावे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. पाच लाखांपर्यंतच्या धंद्याच्या कर्जासाठी मालमत्ताधारक जामीनदाराची अट शिथिल करावी आणि तिच्या जागी धंद्याची आवक पाहावी. आज चहावाल्याचा आणि चप्पलवाल्याचाही व्यवहार मोबाइलवरून थेट खात्यात जमा होतो. वर्षभराचे विवरण समोर असताना माणसाच्या मामाचा सातबारा मागण्याचे कारण उरत नाही. जिथे पक्का खरेदीदार आहे तिथे त्रिपक्षीय करार करावा, म्हणजे दुकानदार किंवा कंपनी मालाचे पैसे कर्जखात्यातच भरेल. पगारातून हप्ता कापण्याचा जो नियम नोकरदाराला लागू पडला, त्याचेच हे धंद्यातले रूप होईल. हे जिथे शक्य नाही तिथे चार-पाच कारागिरांची परस्पर हमी चालवून घ्यावी. खासगी मायक्रोफायनान्स कंपन्या याच लोकांना, याच हमीवर, वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपासच्या दराने कर्ज देतात आणि वसूलही करतात. आपण चौदा टक्क्यांनी का देऊ शकत नाही, याचे समाधानकारक उत्तर मला एकाही संचालकाने दिलेले नाही.

दुसरी गोष्ट नाकारलेल्या अर्जांची. मंजूर कर्जांची नोंद आपल्याकडे पैशापैशाची असते, नाकारलेल्या अर्जांची मात्र बऱ्याच ठिकाणी धड नोंदवहीसुद्धा नसते, आणि असंख्य अर्ज तर शाखाधिकाऱ्याच्या तोंडी ‘जामीनदार बघा आधी’ या वाक्यावरच परत फिरतात. अर्ज आला की पोच द्यावी, नाकारला तर लेखी कारण द्यावे, आणि अर्जदाराने स्वेच्छेने सांगितलेल्या सामाजिक प्रवर्गानुसार किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती रकमेचे, याचा तक्ता वार्षिक अहवालात छापावा. कुणाचे नाव त्यात नको. नुसते आकडे छापले तरी पुष्कळ होईल, कारण सध्या कुठल्याही अध्यक्षाला आपल्या संस्थेचे चित्र कसे आहे हे सांगता येत नाही, आणि माहीत नसल्यामुळे त्याची झोपही मोडत नाही.

सप्टेंबरअखेरपर्यंत आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. लाभांश, पोटनियम दुरुस्ती आणि लेखापरीक्षकाची नेमणूक हे विषय विषयपत्रिकेवर असतीलच. त्यांच्या जोडीला कर्ज नियमांतल्या जामीनदाराच्या अटीची दुरुस्ती हा विषय घ्यावा आणि मसुदा सभासदांना आधी पाठवावा. मसुदा तयार करण्यात माझ्यासारख्या लेखापरीक्षकाची मदत हवी असल्यास ती विनामोबदला मिळेल. चर्मकार कारागिराचा तो अर्ज फेटाळलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यात असाच पडून आहे. नवीन नियमाखाली तो पुन्हा समितीपुढे ठेवता येईल.

कळावे,
आपला,
सहकारी संस्थांचा एक लेखापरीक्षक